अल-हसाचं ऊन पाणी आणि उत्तरेचा उजेड

दापोलीला परत आल्यापासून जो तो मला एकच विचारतो, इतकी वर्षं सौदीत होतीस, काय काय पाहिलंस? मक्केचा उमरा झाला, तो सोडला तर मी खरं तेच सांगते. कतीफचा मासळीबाजार पाहिला, इंडियन स्कूलचं फाटक पाहिलं आणि आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या पाहिल्या. माणसं हसतात, त्यांना वाटतं मी थट्टा करते. पण आखातात राहणारा माणूस देश बघायला जात नाही हो. तो सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत झोपतो, उठून मॉलमध्ये जातो आणि उरलेल्या वेळात इकाम्याबद्दल, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याबद्दल बोलतो.

एक संध्याकाळ मात्र मी पाहिली. अल-हसाची. आमचं तिथलं दाणापाणी संपत आलं होतं तेव्हा पाहिली, आणि अशी पाहिली की बाकीची वर्षं फुकट गेली असं आता वाटत नाही. जे तिकडे गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहिते. जे गेले आहेत त्यांनी माझ्या चुका काढाव्यात, माझी हरकत नाही.

आधी आमचं घरचं सांगायला हवं, नाहीतर आम्ही तिकडे का गेलो ते कळणार नाही. आमचे हे कतीफच्या एका खासगी हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन होते. सौदायझेशन, म्हणजे परक्यांच्या जागी सौदी माणसं घेणं, सुरू झालं तेव्हा आधी रिसेप्शनवरची केरळची मुलगी गेली, मग फार्मसीतला हैदराबादचा माणूस गेला, आणि शेवटी ह्यांच्या खात्यावर आलं. मी कुणाला दोष देत नाही. त्यांचा देश, त्यांची शिकलेली पोरं, त्यांना काम मिळायला नको का? पण रास्त गोष्टसुद्धा आपल्या दारात आली की झोंबतेच. उन्हाळ्याच्या आत दुसरा कफील, म्हणजे परवाना आपल्या नावावर घेणारा मालक, मिळाला नाही तर खलास, सामान बांधा.

आणि आमची झोया अकरावीत. अकरावी आणि बारावीच्या मध्ये मुलाला एका देशातून उचलून दुसर्‍या देशात नेऊन ठेवणं काय असतं, ते ज्याच्या घरात बारावी आहे त्यालाच कळेल. झोया तिथेच जन्मलेली. आम्ही मराठीत विचारावं, तिने हिंदीत किंवा इंग्रजीत उत्तर द्यावं. दापोली तिच्या लेखी सुट्टीतलं आजोळ. "मैं नहीं जाऊँगी," एवढंच म्हणायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. तिला बारावी कतीफच्या शाळेतच पुरी करता यावी, एवढीच आमची धडपड होती.

अशात ह्यांच्या कानावर आलं की अल-हसाला अबू हसनच्या क्लिनिकमधला एक्स-रेवाला कायमचा घरी गेला आणि जागा रिकामी आहे. अबू हसन हे पूर्वी ह्यांच्याच हॉस्पिटलात कारभार बघायचे. रिटायर झाल्यावर आपल्या गावी अल-हसाला गेले आणि भावांबरोबर छोटं क्लिनिक काढलं. ह्यांच्यावर त्यांचा जीव. दर ईदला फोन करायचे, "ये रे, आमच्या गरम पाण्यात अंघोळ करायला ये." ती जागा मिळाली तर इकामा तिकडे वळला असता. हे तिकडे खोली घेऊन राहिले असते, सुट्टीला कतीफला आले असते, आणि झोयाची बारावी तिथेच पार पडली असती.

फक्त विचारायचं होतं. इथेच घोडं अडलं. आमच्या ह्यांच्यासारखा भिडस्त माणूस उभ्या कोकणात नसेल. हॉटेलात भाजी खारट झाली तर हे वेटरला सांगत नाहीत, दही मागवतात. त्यांनी अबू हसनना फोन केला तेव्हा मी समोरच बसले होते. सलाम झाला, तब्येत झाली, भावांच्या तब्येती झाल्या, हवामान झालं. मग म्हणतात काय, "आमच्या झोयाला नॉर्दर्न लाइट्स बघायचे आहेत." तिच्या वर्गातल्या कुणाचे तरी आईबाप नॉर्वेला जाऊन आले होते, तेव्हापासून तिच्या फोनवर तोच हिरवा उजेड. तिकडून अबू हसन गडगडाटी हसले. "उत्तरेचा उजेड? तो आमच्याकडेही आहे. शुक्रवारी या. आधी गरम पाणी, मग उजेड."

"म्हणजे तुम्ही नोकरी मागायला फोन केलात आणि सहल घेऊन आलात," मी म्हटलं.

"फोनवर बरं दिसत नाही गं. समोरासमोर विचारतो. पण तू बायकांत तोंड उघडायचं नाहीस."

मी कबूल केलं. अट एकच घातली, परतायच्या आत विचारायचं.

*जुम्म्यानंतर*

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली तसे निघालो. मी पहाटे उठून सांदणं केली होती, तांदूळ आणि नारळाच्या दुधाची, डबाभर. रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जायची आपल्याला सवय नाही. वाळवंटातल्या रस्त्याबद्दल मी काही लिहीत नाही, कारण त्यात काही नव्हतं. एकदा मात्र रस्ता चुकलो आणि गाडी उंटांच्या बाजारात जाऊन उभी राहिली. चहूकडे उंट, आणि हे स्टिअरिंग धरून बसलेले. "विचारा की कुणाला," मी म्हटलं तर म्हणे, "मॅपवर सापडेल." शेवटी काच खाली करून मीच एका सुदानी माणसाला विचारलं. माझी अरबी मासळीबाजारात घासाघीस करून आलेली, तिला व्याकरण नाही, पण आवाज आहे. त्याने बिचार्‍याने पुढच्या वळणापर्यंत येऊन रस्ता दाखवला.

आणि मग एकदम हिरवं. मला कुणी सांगितलं नव्हतं हो. वाळू संपते आणि खजुरीची झाडं सुरू होतात ती नजर जाईल तिथवर. मधून पाण्याचे पाट, पाटाच्या कडेला घास, त्यात बगळे. आपल्याकडे मुरूडला नारळ-सुपारीच्या वाडीत शिरल्यावर जसा गारवा लागतो तसाच गारवा. झोयाने कानातली बोंडं काढली आणि काच खाली केली. "Mummy, this is Saudi?" म्हणाली. जन्मापासून तिथे राहिलेली पोर हे विचारत होती, आणि मीही पहिल्यांदाच बघत होते.

अबू हसन वाडीच्या फाटकात उभे होते. उंच, पांढरी दाढी, आवाज असा की समोरच्या वाडीत ऐकू जावा. पुरुष डावीकडच्या दालनात गेले, आम्ही मायलेकी उजवीकडच्या. आमच्याकडे लग्नकार्यात माजघर आणि ओटी वेगळी होतात, तसंच.

आत उम्म हसन, म्हणजे हसनची आई, अबू हसनची बायको, त्यांची थोरली नणंद जिला सगळ्या अम्मती म्हणत होत्या, आणि दहाबारा बायका. इतक्या बायका कशाला जमल्यात ते मला कळेना. आम्हाला मधोमध बसवलं. वेलचीचा पिवळा कहवा आला, खलास जातीचा खजूर आला. तो खजूर मी कतीफलाही खाल्ला होता, पण झाडाखाली बसून तिळाच्या चटणीत बुडवून खाल्ला नव्हता. माझी सांदणं फिरली. अम्मतीने एक खाल्लं, दुसरं खाल्लं आणि तिसरं ओढणीआड ठेवलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आणि मग प्रश्न. मुलं किती, एकच का, दुसरं का झालं नाही, डॉक्टरला दाखवलं का, सासू आहे का, जाच करते का, बांगड्या कुठल्या सोन्याच्या, केस रंगवतेस का. मी सगळ्याला उत्तर दिलं. पण 'कशाला आलात' हा एक प्रश्न कुणी विचारेना. मी वाट बघत होते, कारण विचारल्यावर उत्तर देणं म्हणजे काही आपणहून तोंड उघडणं नव्हे. तिकडे ह्यांना मेसेज टाकला, "विचारलंत का?" उत्तर आलं, "कहवा चालू आहे." थोड्या वेळाने परत टाकला. "खजूर चालू आहे." तिसर्‍यांदा, "उंटाच्या दुधाबद्दल बोलतायत." मी कपाळाला हात लावला.

शेवटी मीच अम्मतीला म्हटलं, "तुम्ही माझं सगळं विचारलंत, पण मी कशाला आले ते नाही विचारलं."

ती चमकली. म्हणाली, "पाहुण्याला तीन दिवस काम विचारायचं नसतं, बाई. विचारलं तर त्याला वाटेल, आम्हाला तो जड झाला. तो आपणहून बोलला तर गोष्ट वेगळी." आणि तिने आपल्या नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवलं. "तेव्हा मग 'नाकावर' म्हणायचं. म्हणजे झालं समज. दारात आलेल्या पाहुण्याला नाही म्हणत नाहीत."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. एकीकडे आम्ही, कुणी विचारल्याशिवाय न सांगणारे. दुसरीकडे ते, पाहुण्याने सांगितल्याशिवाय न विचारणारे. असे दोघे आमनेसामने बसले तर कयामतपर्यंत कहवाच चालू राहणार. मी लगेच मेसेज टाकला, "नुसतं विचारा. नाही म्हणणारच नाहीत, रीतच आहे यांची." आणि निश्चिंत होऊन चौथा खजूर घेतला.

*ऊन पाणी*

गरम पाण्याचं मला नवल नाही. माझं माहेर उन्हवर्‍याजवळ. लहानपणी खरूज झाली, गुडघा दुखला, की आई उन्हवर्‍याच्या कुंडावर न्यायची. तिथलं पाणी असं की पाय घालायलाच धीर लागायचा, आणि गंधकाचा वास दोन दिवस केसातून जायचा नाही. तेव्हा मी जरा आगाऊपणेच निघाले होते, यांचं काय ते बघू.

वाडीच्या मागच्या बाजूला मातीच्या उंच भिंतीआड बायकांचं कुंड होतं, पलीकडे तशाच भिंतीआड पुरुषांचं. उम्म हसन सांगत होती की तिच्या लहानपणी पाणी जमिनीतून आपोआप उसळायचं, आता खोल गेलं, पंपाने काढावं लागतं. पण पाणी तेच. पायर्‍या उतरून मी त्यात शिरले आणि माझा आगाऊपणा विरघळला. उन्हवर्‍याचं पाणी चटका देतं, हे कुशीत घेतं. वर उघडं आकाश, आकाशात कलते खजूर, उन्हं उतरलेली, थंडीचे दिवस म्हणून पाण्यावर वाफ. पायघोळ सुती झगे घालून सगळ्या बायका पाण्यात. बाहेर ज्यांचे नुसते डोळे दिसतात त्याच बायका इथे एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत होत्या. झोया मानेपर्यंत बुडून डोळे मिटून बसली होती. कित्येक आठवड्यांत मी तिच्या कपाळावर आठी नाही असं पाहिलं नव्हतं.

मग गाणं सुरू झालं. उम्म हसनची लेक जैनब, बाविशीतली, गोल चेहर्‍याची, तिला सगळ्यांनी मधे बसवलं. हातावर मेंदी कोपरापर्यंत. बोराच्या पानांचा वाटलेला लेप तिच्या केसांना चोळला, टाळ्या वाजवत तिच्याभोवती फेर धरला. मला कळलं, म्हणून इतक्या बायका. आपल्याकडे हळद लागते तशी ही नवरीची अंघोळ. अम्मतीने पितळी वाडगा भरून माझ्या हातात दिला. पहिला वाडगा पाहुणीने ओतायचा, तिचा हात शुभ, असं म्हणाली.

मला भरून आलं. परक्या घरच्या लेकीच्या डोक्यावर पहिलं पाणी घालायचा मान. मी पाणी ओतलं आणि आपल्या मराठीतच मोठ्याने दुआ मागितली, "या अल्ला, ह्या पोरीचं नवीन घर भरलेलं ठेव. तिला कधी कुणापुढे हात पसरायला लावू नको. तिच्या वाटेत कुणी आडवं येऊ नये." सगळ्यांनी आमीन म्हटलं. झोयाने जैनबला इंग्रजीत अर्थ सांगितला आणि एकदम हशा पिकला.

"कुठलं घर?" जैनब डोळे पुसत म्हणाली. "माझं लग्न नाही, खाला. माझी नोकरी आहे."

अम्मती म्हणाली, आमच्या घरातली पहिली मुलगी कामाला चालली. नवरीला कुंडावर आणतात, मग हिला का नको? ही काय कमी आहे?

मी हसले, शाबासकी दिली. विचारलं, कसली नोकरी गो? जैनबने झोयाचा हात धरून इंग्रजीत भराभर सांगायला सुरुवात केली आणि झोया मला हिंदीत सांगत गेली. ती एक्स-रे शिकलीय. डिग्री घेऊन दोन वर्षं घरी बसलीय, कारण दम्मामला एकटी पाठवायला बाप तयार नाही. आता आपल्याच क्लिनिकमध्ये जागा झाली. काकांना अनुभवी माणूस हवा होता. बापही म्हणत होता, अनुभवी माणूस आला तर तू आणखी एकदोन वर्षं थांब. रोज ती घाबरून असायची की कुणीतरी येईल. कुणी आलं नाही. रविवारपासून ती जाणार.

झोया सांगता सांगता थांबली होती. तिने माझ्याकडे बघितलं. "मम्मी," हळूच म्हणाली, "अब्बाने पूछ लिया क्या?"

मी पाण्यात खाली बसले. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला रागच आला. त्या जैनबचा आला, तिच्या मेंदीचा आला, पहिला वाडगा माझ्या हातात देणार्‍या म्हातारीचा आला. माझ्या पोरीची बारावी इथे, आणि हिची नोकरी तिथे, दोन्ही एकाच खुर्चीवर. आणि खुर्ची कुणाला मिळणार ते आता मला ठाऊक होतं. हे विचारणार, कारण मी दिवसभर टोचत होते. अबू हसन नाकावर बोट ठेवणार, कारण पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. जैनब आणखी दोन वर्षं घरी.

मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. तोंड उघडू नकोस असं ह्यांनीच बजावलं होतं ना? ते पाळायचं, बस्स. कुणी माझ्याकडे बोट दाखवलं नसतं.

अंग पुसून कपडे बदलले तेव्हा जैनब आली. माझे ओले केस तिने टॉवेलने खसखसून पुसले, मानेला ऊदाचं अत्तर लावलं आणि म्हणाली, "खाला, तुमच्या दुआनंतर आता मला भीती नाही." तिने हे साध्या, सावकाश अरबीत सांगितलं, मला कळावं म्हणून. झोया शेजारीच उभी होती. तिने माझी पर्स उचलून माझ्या हातात दिली. पर्समध्ये फोन होता.

मी मेसेज टाकला, "विचारू नका." तो जाईना. फोन लावला, बंद. हे पलीकडच्या कुंडात, आणि फोन गाडीत असणार.

*वाळूची टेकडी*

मगरिबची नमाज झाल्यावर सगळे वाडीबाहेरच्या वाळूच्या टेकडीवर निघालो. आम्हा बायकांची मोठी गाडी जैनबने चालवली. वाळूत गाडी घालताना तिने चाकांतली हवा कमी केली आणि बेधडक चढवली. माझा अर्धा जीव गाडीत, अर्धा पुढच्या पुरुषांच्या गाडीत. वर पोचलो तर दोन गालिचे, मधे गाडी आडवी लावलेली. एका बाजूला ते, एका बाजूला आम्ही. ह्यांचा फोन अजून बंदच, मला नुसता आवाज येत होता. ते अजून उंटांबद्दल बोलत होते. अल्लाचे आभार मानले.

"झोया," पलीकडून अबू हसननी हाक दिली, "उत्तरेकडे बघ."

आम्ही बघितलं. दूर आकाशाच्या कडेला नारिंगी उजेड होता. जागेवर न थांबणारा, मधेच वर चढणारा, मधेच विझल्यासारखा होऊन पुन्हा फुलणारा, आणि वरचे विरळ ढग खालून तांबडे. उत्तरेकडे तेलाच्या विहिरी आहेत, तिथे जळणारा वायू तो. झोया आधी हसली. मग हसू थांबलं आणि ती बघतच राहिली. नॉर्वेचा हिरवा उजेड मी पाहिला नाही, पुढे कधी पाहीन असंही नाही. पण ज्या उजेडावर त्या सगळ्या देशाचा संसार चाललाय, आणि थोडा आमचाही चालला, तो मी अंधारात वाळूवर बसून पाहिला. मला तो सुंदर वाटला. झोयाने फोटो काढला नाही. फोन असून तिने फोटो काढला नाही याचंच मला नवल वाटलं.

उजेडाकडे पाठ केली तर तारे. कतीफला आम्हाला तारे म्हणजे विमानं. इथे दक्षिणेकडचं आकाश असं खचाखच की झोपून बघावं लागलं. लाल हसावी तांदळाचा भात आला, त्यावर मटण, मोठ्या परातीत. आपल्या लाल भातासारखाच, पण चिकट आणि दालचिनीच्या वासाचा. सगळ्या एकाच परातीत हात घालून जेवत होतो. मी नुसता भात चिवडत होते. कान गाडीपलीकडे होते.

तेवढ्यात ह्यांचं खाकरणं ऐकू आलं. ते खाकरणं मी ओळखते. मला मागणी घालायला आले तेव्हाही माझ्या अब्बांसमोर असंच खाकरले होते. पाठोपाठ शब्द आले, "अबू हसन, माझी एक विनंती होती."

अबू हसनचा आवाज आला, "सांग. नाकावर."

"अहो, विचारू नका," मी ओरडले. मराठीत, बसल्या जागेवरून, मासळीबाजारातल्या आवाजात.

बायकांचे हात परातीत थांबले. बारा बायकांतून परक्या पुरुषांच्या पंगतीत आवाज टाकलेला, माझे कान तापले.

"सगळं ठीक आहे ना?" अबू हसननी ह्यांना विचारलं. "उम्म झोया काय म्हणतात?"

ह्यांना काहीच माहीत नव्हतं. सकाळपासून मी विचारा विचारा म्हणून डोकं खाल्लेलं, आणि आता तोंडातून शब्द निघाला तेव्हा नको म्हणते. दुसरा नवरा चिडला असता, निदान उठून का म्हणून विचारायला आला असता. हे पुन्हा एकदा खाकरले.

"ती म्हणते," हे म्हणाले, "त्या खालच्या मोठ्या तार्‍याचं नाव विचारा. तीच विनंती होती."

अबू हसन इतके खूश झाले. तो सुहैल, म्हणाले, आणि मग सुहैल कधी उगवतो, तो दिसला की उन्हाळा कसा मोडतो, त्यांचे आजोबा त्याच्यावरून उंट कसे हाकायचे, हे त्यांनी इतकं रंगून सांगितलं की इकडच्या बायकाही ऐकत राहिल्या. मी जेवले. पोटभर जेवले. अम्मतीने हाडावरचं मऊ मटण तोडून माझ्यापुढे ठेवलं.

निघताना अबू हसननी गाडीच्या खिडकीत वाकून ह्यांचा हात दोन्ही हातात धरला. "लवकर निघालात. तीन दिवस राहिला असतात तर मला काही विचारता आलं असतं." हे हसले. म्हणाले, "पाणी फार छान होतं."

*रविवार*

गाडीत मी सगळं सांगितलं. बोराच्या पानांपासून दुआपर्यंत. हे ऐकत होते. मग म्हणाले, "मी बोललो असतो तर त्यांनी दिली असती."

"म्हणून तर ओरडले."

"हं," म्हणाले. पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबवून तिघांना दाट दुधाचा करक चहा आणला. आरशात मला झोयाचा चेहरा दिसत होता. ती खिडकीकडे तोंड करून आवाज न करता रडत होती. पर्स तिनेच माझ्या हातात दिली होती, पण द्यायचं ते देऊन झाल्यावर दुखतंच ना. मला तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं. तिने खांद्यावरचा माझा हात अलगद बाजूला केला.

शनिवारभर ती बोलली नाही. मी तिच्या आवडीची कोळंबीची बिर्याणी केली, ती तिने खोलीत नेऊन खाल्ली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि भांडी घासली. आपण दुसर्‍याच्या लेकीसाठी आपल्या लेकीवर अन्याय केला का, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही.

रविवारी दुपारी ती शाळेतून आली. हे लवकर घरी आले होते, पेपर वाचत बसले होते. झोयाच्या फोनवर जैनबचा फोटो आला. क्लिनिकमध्ये, मशीनशेजारी ताठ उभी, शिशाचं जड ऍप्रन घातलेलं, हाताच्या मेंदीसकट. झोया फोटोकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, ही आता फोन पलंगावर फेकेल आणि दार लावून घेईल.

ती बापाजवळ गेली. फोन त्यांच्या पेपरावर ठेवला.

"अब्बा, ठीक से पहना है ना इसने? पहला दिन है उसका."

ह्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला, निरखून बघितला.

"गळ्याचा पट्टा राहिलाय. शिशाचाच असतो, ऍप्रनवर बांधायचा. रोज काम करायचंय पोरीला. सांग तिला, आत्ता सांग."

झोया त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि लिहू लागली.